थंड प्रदेशाचे बी आणि कोकणचा हिवाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला, भात कापणीला आले की कोकणात परसातल्या वाफ्यांची लगबग सुरू होते. माठ, मुळा, वाली (लांब शेंगांची चवळी), वांगी, मिरची हे नेहमीचे असतेच. अलीकडे त्यात ब्रोकोली, सॅलडची पाने, गोड मटार, रंगीत गाजरे, परदेशी टोमॅटो अशा थंड हवेच्या भाज्यांची भर पडली आहे. बियांची पाकिटे घरपोच मिळतात, चित्रे सुंदर असतात, हौसेने पेरणी होते. जानेवारी उजाडतो तेव्हा फ्लॉवरला नुसती पाने असतात, कांद्याची पात गुडघ्याला लागते पण खाली गड्डा नसतो. मग ‘आपल्याकडे हे होत नाही’ असे म्हणून तो नाद सोडून दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. यातले बरेच काही आपल्याकडे होते, काही मुळीच होत नाही, आणि कोणते कशात मोडते ते पेरण्याआधीच बरेचसे सांगता येते. त्यासाठी हे पत्र.

पहिला हिशेब दिवसांचा. थंड देशांतला माळी वसंतातल्या शेवटच्या हिमापासून शरदातल्या पहिल्या हिमापर्यंतचे दिवस मोजतो आणि तेवढ्यात बसेल असे वाण निवडतो. आपल्याकडे हिम नाही, पण मर्यादा आहेच. परतीचा पाऊस थांबतो साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पूर्वेकडचे कोरडे वारे सुटले की पारा पस्तिशीच्या पुढे जातो. म्हणजे हाती राहतात जेमतेम १२० दिवस. पाकिटावर ‘७० दिवस’ लिहिलेले असते ते लावणीच्या पिकांत, म्हणजे कोबी, फ्लॉवर, टोमॅटोत, बहुधा रोप लावल्यापासूनचे असतात. थेट पेरायच्या मुळा-गाजरांत पेरणीपासूनचे. फ्लॉवरच्या ७० दिवसांत रोपवाटिकेचे २५ ते ३० दिवस मिळवले की १०० झाले. असे वाण नोव्हेंबरअखेर पेरले तर गड्डा धरायच्या वेळीच ऊन कडक होते. म्हणून रोपे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाचा मार लागणार नाही अशा पडवीत किंवा प्लास्टिकच्या छताखाली तयार व्हायला हवीत. दसऱ्याला बी मागवायला घेतले तर पहिले तीन-चार आठवडे तिथेच गेले.

दुसरा हिशेब तापमानाचा. रत्नागिरी, मालवणसारख्या किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी ३० ते ३२ अंश असतात आणि पहाटे १८ ते २०. म्हणजे सरासरी २५ च्या आसपास. दापोलीचा माळ, मंडणगड, लांज्याच्या पूर्वेकडचा सह्याद्रीलगतचा भाग इथे पहाट बरीच गार असते. आता फ्लॉवर घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेल्या वाणांचे गड्डा धरण्याच्या तापमानानुसार गट पडतात. लवकर येणाऱ्या गटाला, उदाहरणार्थ ‘पुसा मेघना’ला, २० ते २७ अंश चालतात. स्नोबॉल गटाला १० ते १६ अंश लागतात. किनाऱ्यावर स्नोबॉल लावला तर झाड जोमदार दिसते, पाने ढालीएवढी होतात, पण गड्डा धरण्यासाठी जो गारवा लागतो तो मिळत नाही, म्हणून ते पानांवर पाने काढत राहते. त्याला कितीही खत घातले तरी उपयोग नाही. उलट नत्राने पाने आणखी माजतात. लवकरच्या गटातले वाण ऑक्टोबरच्या मध्यावर लावले तर डिसेंबर-जानेवारीत त्याला हवे तेच तापमान मिळते. तरीही गड्डा तयार झाल्यावर दोन-तीन दिवसांत काढावा. ऊन चढले की पृष्ठभागावर तांदळासारखे दाणे सुटतात आणि तो विसविशीत होतो.

याच गटात उलटी चूकही होते. रोप ट्रेमध्येच ४०–४५ दिवस अडकून राहिले, मुळे गुंडाळली गेली, की लावल्यावर ते लगेच बटणाएवढा गड्डा धरते आणि थांबते. लोक वाणाला दोष देतात. रोप चार-पाच पानांवर, २५ ते ३० दिवसांचे असतानाच लावले पाहिजे.

तिसरा हिशेब बहुतेकांना माहीतच नसतो, तो दिवसमानाचा. कांद्याला गड्डा धरण्यासाठी दिवस ठरावीक लांबीचा लागतो. युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागातले मोठे गोड कांदे १४ ते १६ तासांच्या दिवसावर गड्डा धरतात. रत्नागिरीच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वा तेरा तासांच्याही आत संपतो आणि डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. म्हणजे असे बी कोकणात कुठल्याही महिन्यात, कितीही कसून लावले तरी त्याची पातच मिळणार. इथे लहान दिवसाचेच कांदे हवेत. भातानंतर लावला जाणारा अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो त्यातलाच.

हाच नियम उलट दिशेनेही लागतो. आपला पारंपरिक वेलाचा वाल लहान दिवसावर फुलतो. जूनमध्ये लावला तरी मांडवभर वाढतो आणि शेंगा दिवस लहान झाल्यावरच धरतो. गावचे बी हौसेने थंड देशात नेणाऱ्यांना तिथे उन्हाळाभर नुसता वेल दिसतो, आणि फुले येतात तेव्हा हिम पडायला लागते. बी परदेशी नेताना त्या देशाचे पीकसंरक्षण नियम पाहावे लागतात, ही गोष्ट वेगळीच. पण नियम पाळूनही असा वाल तिथे देणार नाही. तिकडच्यांनी बुटका, दिवसमानाची अट नसलेला वाल शोधावा.

बाकी भाज्यांचे थोडक्यात सांगतो. नवलकोल किनाऱ्यावरही भरवशाचा. ‘व्हाईट व्हिएन्ना’ लावणीनंतर ५० ते ६० दिवसांत येतो, पण गड्डा पाच-सहा सेंटिमीटरचा झाला की काढावा, नाहीतर आत दोर धरतात. मुळ्यात ‘पुसा चेतकी’ उष्ण हवेलाही ४०–४५ दिवसांत तयार होतो. ‘पुसा हिमानी’ खऱ्या थंडीचा, तो आपल्यासाठी नाही. गाजरात ‘पुसा केसर’सारखे देशी लाल वाण उष्णता सोसते, नांतेस जातीच्या नारिंगी गाजराला किनाऱ्यावर रंग फिका येतो. गाजर कधीही रोप करून लावू नये, आणि वाफ्यात ताजे शेण किंवा जांभ्याचे खडे असतील तर मुळाला फाटे फुटतात. बी उगवायला आठ-दहा दिवस घेते. तोवर वाफ्यावर ओले गोणपाट ठेवावे आणि पहिला कोंब दिसताच संध्याकाळी काढून घ्यावे. ब्रोकोलीचा प्रयोग आतल्या, गार भागात करण्यासारखा आहे. किनाऱ्यावर तिचा झुबका सैल होतो आणि दोन दिवसांत पिवळी फुले दिसू लागतात. मटाराबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: दुपारचा पारा तिशी ओलांडतो तिथे त्याची फुले गळतात. किनाऱ्यावर ती जागा वालीला द्यावी.

सॅलडच्या पानांचे बी उगवतच नाही अशी तक्रार फार ऐकू येते. ते बी खराब नसते. माती २७–२८ अंशांच्या वर तापली की ते झोपी जाते. ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक ते दोन दिवस ठेवावे आणि संध्याकाळी पेरावे. त्याला उजेडही लागतो, म्हणून वर मातीचा थर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. मुंग्या हे बी आणि माठाचे बी रातोरात वाहून नेतात. वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढावी आणि ती भिजली की पुन्हा ओढावी.

बी विकत घेताना चित्र न पाहता मागची बाजू पाहावी. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील खूणचिठ्ठीवर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणशक्ती, शुद्धता आणि वैधता हे सगळे असते. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी, सत्यप्रत (उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या) बियाण्याची हिरवट. वैधता साधारणपणे चाचणीपासून नऊ महिने. उगवणशक्ती टोमॅटोची किमान ७० टक्के, मिरचीची आणि गाजराची ६० टक्के अपेक्षित असते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, चिठ्ठीशिवाय, नुसत्या रंगीत फोटोसह येणारे बी घेऊ नये. त्यात काय आहे, कधीचे आहे, काही कळायला मार्ग नसतो. गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बी बुरशीनाशक लावलेले असते. ते हाताळल्यावर हात धुवावेत आणि उरलेले कोंबड्यांपुढे टाकू नये.

पेरण्याआधी घरी उगवण पाहणे सोपे आहे. २० बिया मोजून ओल्या सुती फडक्यावर ओळीत मांडाव्यात, फडके गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावे, रोज एकदा उघडून हवा द्यावी. मुळा तीन-चार दिवसांत, टोमॅटो आठवड्यात, मिरची आणि गाजर दोन आठवड्यांपर्यंत. २० पैकी १४ उगवल्या तर ७० टक्के. दहाच उगवल्या तर दुप्पट पेरावे. सहाच्या खाली आल्या तर ते बी टाकूनच द्यावे, कारण उगवलेल्या बियांची रोपेही लुळीच निघतात. कांद्याचे बी बहुधा वर्षभरात मरते, तेव्हा मागच्या वर्षीचे पाकीट असेल तर ही चाचणी चुकवू नये.

रोपांसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात ते चांगले, पण सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेले असेल तर त्या भुशात मीठ असते. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पिळून मगच घ्यावा. रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडले तर ती पाण्याची चूक समजावी. ट्रे रात्री ओला ठेवू नये, पाणी सकाळीच द्यावे आणि दाट रोपे विरळ करावीत.

आता मुख्य मुद्दा. नवे वाण एकटे लावून काहीच कळत नाही. यंदा पीक चांगले आले ते वाणामुळे की यंदा थंडी बरी पडली म्हणून, हे सांगणार कसे? शेजारी, त्याच दिवशी, त्याच वाफ्यात घरचे माहितीतले वाण लावलेले असले तरच तुलना होते. परसात एका टोकाला माडाची सावली असते, दुसऱ्या टोकाला न्हाणीचे पाणी मुरते. म्हणून एका ओळीत चार तुकडे करावेत आणि नवे, जुने, जुने, नवे असे लावावे. प्रत्येक तुकड्यात पाच रोपे, एकूण वीस. सावलीचा, ओलाव्याचा फायदा-तोटा दोन्ही वाणांना सारखा वाटला जातो. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक जास्तीचे रोप ठेवावे आणि त्याचे पीक मोजू नये, कारण कडेच्या रोपाला उजेड आणि माती जास्त मिळते. एका हंगामात एका भाजीची दोनच नवी वाणे. पाच-सहा एकदम आणली की कशाचीच नोंद धड राहत नाही.

खूण म्हणून बांबूची पट्टी रोवावी आणि तीवर पेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई उन्हाने महिन्याभरात उडते, पेन्सिल टिकते. वहीत पाच तारखा लिहाव्यात: पेरणी, उगवण, पहिले फूल, पहिला तोडा, शेवटचा तोडा. प्रत्येक तोड्याचे वजन वाणानुसार वेगळे. रोप मेले तर का मेले तेही. वानरांनी ओरबाडलेल्या किंवा गोगलगायीने खाल्लेल्या रोपामुळे ‘वाण वाईट’ असा शेरा पडता कामा नये. आणि चव. तीन-चार घरांत दोन्ही भाज्या नाव न सांगता द्याव्यात आणि कोणती पुन्हा हवी ते विचारावे. पाकीट पहिल्या वर्षी अर्धेच वापरावे. नोव्हेंबरात अवकाळी पावसाने वाफा झोडपला तर पुन्हा पेरायला बी हवे, आणि तसे झाले नाही तर पुढच्या वर्षी तेच बी पुन्हा पारखता येते. एका हंगामावर घरचे जुने वाण सोडू नये, दोन हंगाम पाहावेत.

टोमॅटो, वांगी, मिरचीत कोकणात नवे वाण बहुतेकदा एकाच गोष्टीने जाते, ती म्हणजे जिवाणूजन्य मर. हिरवेगार झाड पाने पिवळी न पडताच दुपारी मान टाकते, रात्री थोडे सावरते आणि दोन-चार दिवसांत संपते. ही पाण्याची कमतरता समजून लोक आणखी पाणी घालतात, त्याने जिवाणू ओळभर पसरतो. खात्री अशी करावी: बुंध्याजवळचा चार बोटे तुकडा धारदार सुरीने कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टोक बुडेल असा धरावा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर तो हाच रोग. याला औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळावे, सुरी धुवून विस्तवावर धरावी, आणि त्या जागी दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काहीच लावू नये. तिथे भेंडी, वाली, मका चालतो. परदेशी मोठ्या फळांचे टोमॅटो या रोगापुढे टिकत नाहीत. बंगळूरुच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण या मरीला, पर्णगुच्छ विषाणूला आणि लवकरच्या करप्याला प्रतिकारक म्हणून काढलेले आहे. टोमॅटोत नवे काही करून पाहायचे तर सुरुवात त्यापासून करावी. मार्चमध्ये रात्रीचे तापमान बावीस-तेवीसच्या वर राहू लागले की मोठ्या फळांचे टोमॅटो फळ धरत नाहीत. लहान, चेरी टोमॅटो त्यातही थोडेफार धरतात.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते. कोबी-फ्लॉवरची पाने चाबकासारखी अरुंद झाली तर मॉलिब्डेनम कमी पडते आहे, आणि ते मातीत असूनही आम्लतेमुळे अडकलेले असते. मातीपरीक्षणात सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास निघाला तर लावणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळावे. शेणखत (चौरस मीटरला २ किलो) त्याच दिवशी घालू नये, नत्र उडून जाते. फ्लॉवरचा दांडा पोकळ, गड्डा तपकिरी निघाला तर बोरॉन कमी. चौरस मीटरला १ ते दीड ग्रॅम बोरॅक्स मूठभर वाळूत मिसळून द्यावा. याहून जास्त देऊ नये, बोरॉन लगेच विषारी होते. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मार्चच्या सुमारास मचूळ होते, तिथे बीट आणि पालक तग धरतात. घेवडा, गाजर, कांदा नाही.

नवे वाण आवडले तर बी घरी धरावे, पण संकरित वाणाचे नव्हे. त्याची पुढची पिढी सरमिसळ निघते. टोमॅटो आणि वालीत फारशी भेसळ होत नाही. मुळा, माठ आणि काकडी-भोपळ्याच्या जातीचे सगळे वेल परागाने मिसळतात. अशा वेलाची मादी-नर कळी उमलण्याच्या आधी दोऱ्याने बांधून, उमलायच्या वेळी हाताने परागण करून पुन्हा बांधावी. काकडी-कारल्याचे हे काम सकाळी. शिराळी आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात; सकाळी गेलात तर उशीर झालेला असतो. बी सावलीत सुकवून काचेच्या बरणीत भरावे, ओल शोषायला भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी सोबत घालावी आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पावसाळी हवेतली वाफ थेट बियांवर बसते.

नवे वाण म्हणजे परदेशी किंवा थंड प्रदेशाचेच असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच हवेत तपासून काढलेली ‘कोकण तारा’ कारली आणि ‘कोकण हरिता’ शिराळी कित्येक परसांत अजून पोचलेली नाहीत.

आपल्या दैनिकाला विनंती अशी: परसबागेचे वेळापत्रक छापताना देशावरचे आणि कोकणचे वेगळे छापावे, कोकणातही किनारा आणि आतला भाग वेगळा दाखवावा, आणि थंडीच्या भाज्यांचे वेळापत्रक दिवाळीत न देता गणपतीच्या आधी द्यावे. बियाणे विक्रेत्यांनीही पाकिटावर ‘हिवाळी’ एवढेच न लिहिता गड्डा किंवा फळ धरण्याचे तापमान, आणि कांद्याच्या बाबतीत लागणारे दिवसमान, मराठीत छापावे.

आपले,
परसबाग करणारे काही वाचक,
दापोली–गुहागर परिसर, जि. रत्नागिरी